पेट्रोल गेले, पैसे राहिले

समजा, सकाळचे दहा वाजले आहेत. तुम्ही काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून वाशीहून तेरखेड्याकडे निघाला आहात. वाटेत काका पेट्रोल पंपावर थांबतात.

“तीनशेचं टाका, दादा.”

“झिरो बघा, काका.”

काका झिरो बघतात. आकडे भराभर पळतात आणि ३०० वर थांबतात. नळी जागेवर जाते. तेवढ्यात काकांचा फोन वाजतो. ‘हो, हो, निघालोच आहे,’ असे म्हणत काका टाकीचे झाकण फिरवतात, किक मारतात आणि गाडी रस्त्याला लागते. पंपावरचा दादा त्याच वेळी रांग मोडून पुढे घुसलेल्या दोघांशी हुज्जत घालत असतो. पैसे द्यायचे राहून जातात.

चोरी करावी असे कोणाच्याही मनात नव्हते. पण तीन लिटर पेट्रोल गेले आणि त्याचे पैसे आले नाहीत, ही गोष्ट तर खरी. आता प्रश्न असा की, या क्षणी ही गोष्ट कोणाला ठाऊक आहे? काकांना नाही, दादाला नाही, तुम्हांलाही नाही, कारण तुमचे लक्ष हवा भरणाऱ्याकडे होते. तरीही पंपावर एक साक्षीदार आहे. तो काकांना ओळखत नाही, त्याला पैशांचा गल्ला दिसत नाही, पण ते तीन लिटर त्याने मोजलेले आहेत आणि ते तो विसरू शकत नाही. हा साक्षीदार कसा काम करतो ते आधी पाहू. मग संध्याकाळी त्या दादाचे काय होते, तेही पाहू.

नळीच्या पाठीमागे

पेट्रोल पंपाचे यंत्र बाहेरून एखाद्या कपाटासारखे दिसते. पेट्रोल मात्र त्या कपाटात नसते. ते जमिनीखाली पुरलेल्या लोखंडी टाकीत असते. तेथून ते वर खेचले जाते, किंवा टाकीत बसवलेला पंप ते वर ढकलतो. पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडेही येऊ शकतात. ते मोजले गेले तर गिऱ्हाईक हवेचे पैसे देईल! म्हणून खेचणाऱ्या यंत्रात वाटेत एक छोटी कोठी असते. तेथे हवा वेगळी होऊन बाहेर जाते आणि निव्वळ पेट्रोल पुढे सरकते.

पुढे येतो तो खरा मापारी, म्हणजे मीटर. यात लहान लहान दट्ट्ये असतात. दवाखान्यातली पिचकारी तुम्ही पाहिली आहे. तिचा दट्ट्या एकदा मागे ओढला की ठरावीक औषध आत येते आणि पुढे ढकलला की तेवढेच बाहेर जाते. मीटरमधले दट्ट्ये असेच आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात. फरक एवढाच की त्यांना हाताने ढकलावे लागत नाही. आत येणारे पेट्रोलच आपल्या दाबाने त्यांना ढकलते आणि या ढकलाढकलीत एक दांडा गोल फिरतो. एका फेऱ्यात किती पेट्रोल जाणार हे दट्ट्यांच्या आकारानेच ठरलेले असते. समजा, एका फेऱ्याला अर्धा लिटर. मग सहा फेरे झाले की तीन लिटर गेले. पेट्रोल जोरात वाहो की हळू, फेरा तेवढाच.

या दांड्याच्या टोकाला एक छोटी वस्तू बसवलेली असते. तिला पंपावरची माणसे ‘पल्सर’ म्हणतात. दांडा फिरला की ती विजेचे छोटे छोटे ठोके देते, म्हणजे स्पंद. एका लिटरला शंभर स्पंद धरले तर प्रत्येक स्पंद म्हणजे १० मिलिलिटर. यंत्रातील इलेक्ट्रॉनिक मंडल हे स्पंद मोजते, त्या दिवशीच्या दराने गुणते आणि पडद्यावर लिटर व रुपये दाखवते. तुम्ही ज्याला ‘आकडा पळतो’ असे म्हणता, तो या स्पंदांचा गुणाकार असतो.

द्रव मोजून देणारा पंप ही कल्पना मोटारींहूनही जुनी आहे म्हटले तर चालेल. अमेरिकेतील फोर्ट वेन गावी सिल्व्हॅनस बाऊजर नावाच्या गृहस्थाने १८८५ साली असा पंप एका किराणा दुकानदाराला विकला, तो रॉकेलसाठी! विमानात इंधन भरणाऱ्या टँकरला आजही ‘बाऊझर’ म्हणतात, ते याच आडनावावरून.

झिरो होतो तो एकच आकडा

आता नीट लक्ष द्या. दादा ‘झिरो बघा’ म्हणतो तेव्हा पडद्यावरचा एक आकडा शून्य होतो. पण त्याच यंत्रात दुसरा एक आकडा असतो, तो कधीच शून्य होत नाही. त्याला टोटलायझर म्हणतात. आपण त्याला एकूणमापी म्हणू. स्कूटरच्या मीटरमध्ये एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा असतो ना, तसाच हा. त्या नळीतून आजवर जितके पेट्रोल गेले ते सारे त्यात जमा असते. प्रत्येक नळीचा एकूणमापी वेगळा. वैध मापनशास्त्र खात्याचे, म्हणजे ज्याला जुनी माणसे वजनमापे खाते म्हणतात त्याचे, निरीक्षक यंत्र तपासून मोहोर लावून जातात. त्यामुळे आतल्या भागांशी कोणी सहज खेळ करू शकत नाही.

पाळी सुरू होताना दादा आपल्या नळीचा एकूणमापी वहीत लिहून घेतो. पाळी संपली की पुन्हा लिहितो. एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत आणि हिशेब सोपा पडावा म्हणून दर १०० रुपये लिटर धरला आहे.

सुरुवातीचा आकडा ४,८२,३१०.४०
शेवटचा आकडा ४,८३,१९५.९०
वजाबाकी ८८५.५० लिटर

यातले ५ लिटर सकाळी मापाच्या भांड्यात तपासणीसाठी काढून पुन्हा टाकीत ओतले होते. ते वजा केले की विक्री उरली ८८०.५० लिटर. म्हणजे ८८,०५० रुपये जमा व्हायला पाहिजेत. दादा रोकड मोजतो, ती भरते ५१,२५०. फोनवरून आलेले पैसे ३२,५००. कार्डावरचे आणि उधारीच्या पावत्यांचे मिळून ४,०००. बेरीज ८७,७५०. तीनशे कमी!

हेच आपल्या काकांचे तीनशे. एकूणमापी एवढेच सांगतो की पेट्रोल गेले. कोणाच्या टाकीत गेले हे तो सांगत नाही. दिवसभरात दोन-तीनशे गाड्या येऊन गेल्या. दादाने आता आठवायचे तरी कोणाकोणाला?

टाकीत का दिसत नाही?

एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, ‘सर, पेट्रोल तर उडून जाते. हे तीन लिटर उडाले असे का म्हणू नये?’ प्रश्न चांगला आहे. पेट्रोल उडते हे खरे, पण ते टाकीतून उडते आणि एकूणमापी बसलेला असतो टाकीच्या पुढे, नळीच्या वाटेवर. जे उडाले ते मीटरमधून गेलेच नाही, म्हणून ते मीटरने मोजलेही नाही. उडालेल्या पेट्रोलची तूट टाकीच्या हिशेबात येते. न दिलेल्या पैशांची तूट गल्ल्याच्या हिशेबात येते. ही दोन खाती वेगळी आहेत आणि एकाची तूट दुसऱ्यात दडवता येत नाही.

शिवाय टाकीचा हिशेब इतका बारीक नसतोच. टाकीत एक खुणा केलेली पट्टी सोडतात आणि ती किती उंचीपर्यंत भिजली ते पाहतात. याला ‘डिप घेणे’ म्हणतात. पुष्कळ पंपांवर आता हे काम टाकीतील विद्युत् पट्टी आपोआप करते. टाकी असते आडव्या नळकांड्यासारखी. समजा, तिचा व्यास २ मीटर आणि लांबी ६.४ मीटर. म्हणजे ती सुमारे २०,००० लिटरची झाली. ती निम्मी भरलेली असताना पेट्रोलचा पृष्ठभाग २ मीटर रुंद आणि ६.४ मीटर लांब असतो. पातळी एक मिलिमीटर उतरली तर किती पेट्रोल गेले? गुणून पाहा, १२.८ लिटर. मग तीन लिटरला पातळी पाव मिलिमीटरही उतरत नाही. पट्टीवरचा ओला डाग पाव मिलिमीटरपर्यंत वाचणारा डोळा मी तरी पाहिलेला नाही.

आणखी एक मौज. या आडव्या टाकीत पाव उंचीपर्यंत पेट्रोल असेल तर टाकी पाव भरली आहे असे समजू नका. ती फक्त साडेएकोणीस टक्के भरलेली असते! वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ काढणाऱ्यांनी हे ताडून पाहावे. बाकीच्यांनी प्लॅस्टिकची सरळ भिंतींची बाटली आडवी बांधून, तिला वरून भोक पाडून, त्यातून पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी ओतावे आणि प्रत्येक वेळी पातळीची खूण करावी. खुणा समान अंतरावर पडत नाहीत हे दिसेल. पंपावर प्रत्येक टाकीचा उंची आणि लिटर यांचा छापील तक्ता ठेवतात तो यासाठी. प्रयोग पाण्यानेच करायचा, पेट्रोलने नव्हे. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्याच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

टाकीच्या हिशेबात उष्णताही लुडबूड करते. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. एका अंशाला सुमारे हजारात एक भाग, किंबहुना थोडे अधिकच. एप्रिल-मे महिन्यांत १२,००० लिटरचा टँकर उन्हातून येतो. त्यातले पेट्रोल ३८ अंशांवर असेल आणि जमिनीखालच्या टाकीत ते ३० अंशांवर आले, तर त्याचे आकारमान शंभर लिटरच्या आसपास घटते. एक थेंबही न सांडता शंभर लिटर ‘कमी’! वस्तुमान तेवढेच, रेणू तेवढेच. ते फक्त थोडे जवळ जवळ आले. म्हणून टँकर आला की पंपचालक पेट्रोलची घनता आणि तापमान मोजतात आणि ती घनता १५ अंश सेल्सिअसला किती भरेल ते तक्त्यावरून काढतात. टँकरबरोबर आलेल्या कागदावरील आकड्याशी ती जुळली पाहिजे. फरक घनमीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा जास्त निघाला तर भेसळीचा संशय घेतात. ही घनता मोजून दाखवा असे गिऱ्हाईकही सांगू शकते.

यावरून ‘पहाटे पेट्रोल भरा, जास्त मिळते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तत्त्व बरोबर, निष्कर्ष मात्र चुकीचा. दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार जमिनीत फार खोल जात नाही. मीटरभर खाली तो जवळजवळ विरून जातो. टाकी त्याहून खोल पुरलेली असते. तापमानात दोन अंशांचा फरक पडतो असे मान्य केले तरी पाच लिटरमागे लाभ होईल १० मिलिलिटरचा, म्हणजे दोन चमचे. त्यासाठी झोपमोड करण्यात अर्थ नाही.

साक्षीदारच फितूर झाला तर

एकूणमापी विसरत नाही असे मी म्हटले, पण तो स्पंदांवर विसंबून असतो, हेही सांगितले पाहिजे. खोटे स्पंद पाठवले तर तो खोटेच मोजणार. २०१७ च्या एप्रिल महिन्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने लखनौमधील पंपांवर छापे घातले. तेथे यंत्रात एक छोटी इलेक्ट्रॉनिक चिप बसवलेली सापडली. दूरनियंत्रकाने ती चालू-बंद करता येई. ती चालू असली की पडद्यावर आकडा पूर्ण दिसे, टाकीत पेट्रोल मात्र कमी पडे. त्याच तपासाचा धागा महाराष्ट्रात आला आणि जून-जुलैमध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातील अनेक पंपांची यंत्रे उघडून तपासली. पल्सर आणि आतील मंडलांत केलेले फेरफार उघडकीस आले.

काकांच्या गोष्टीत पेट्रोल पुरे गेले आणि पैसे आले नाहीत. येथे उलट, पैसे पुरे आले आणि पेट्रोल गेले नाही. यातला पहिला प्रकार विसरभोळेपणा, दुसरा सरळसरळ लबाडी. दुसरा पकडायला एकूणमापी उपयोगी पडत नाही. तेथे लागते ते पाच लिटरचे, खात्याची मोहोर असलेले मापाचे भांडे. विजेचा त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणून चिपला त्याला फसवता येत नाही. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. शंका आली तर गिऱ्हाईकाने हे माप मागावे. मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

काका विसरले कसे?

आता पुन्हा काकांकडे वळू. काका काही वेंधळे नाहीत. बी-बियाण्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. मग हे कसे झाले?

ज्या कामासाठी आपण गेलो ते पुरे झाले की मन ती पाटी पुसून टाकते आणि पुढच्या कामाकडे वळते. त्यानंतर एखादी बारीकशी कृती उरली असेल, तर नेमकी तीच निसटते. झेरॉक्स काढली की प्रती घेऊन आपण निघतो, मूळ कागद यंत्रातच राहतो. दूध उतरवले, गॅस बंद करायचा राहिला. मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर या दोन संशोधकांनी १९९७ साली या जातीच्या चुकांवर प्रयोग करून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की डोक्यात एकाच वेळी बरेच काही धरून ठेवावे लागत असेल तेव्हा ही चूक वाढते. काकांचा फोन वाजला तो नेमका अशा क्षणी! काका पंपावर पेट्रोलसाठी आले होते, पैसे देण्यासाठी नव्हे. पेट्रोल टाकीत पडले आणि मनाच्या लेखी काम संपले.

यावर उपाय यंत्राच्या रचनेत असतो. बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून पूर्वी आधी नोटा येत आणि नंतर कार्ड, तेव्हा माणसे नोटा घेऊन जात आणि कार्ड विसरत. मग क्रम उलटा केला. आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा. पंपावरही ‘आधी पैसे, मग पेट्रोल’ असे केले तर विसरायला काही उरत नाही. आपल्याकडे पेट्रोल भरणारा माणूस शेजारी उभा असतो आणि तो हात पुढे करतो, म्हणून क्रम उलटा असूनही निभावते. ज्या देशांत गिऱ्हाईक स्वतःच नळी हातात घेते आणि नंतर दुकानात जाऊन पैसे देते, तेथे हा प्रकार पुष्कळ होतो.

फिरत राहिलेले चक्र

गेल्या काही वर्षांत विसरण्याची एक नवीन वाट तयार झाली आहे, आणि वाशीसारख्या गावात ती अधिक रुंद आहे. काकांनी फोन काढला, चौकटीचे चित्र टिपले, तीनशे टाकले, गुप्त अंक दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले. रेंज अर्धवट. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो. काकांच्या बँकेचा निरोप येतो, ‘तीनशे रुपये वजा.’ काका तो दादाला दाखवतात आणि निघतात. पंपावरचा बोलका डबा मात्र गप्पच.

या यूपीआय पद्धतीत, जी २०१६ साली सुरू झाली, एका व्यवहारात किमान दोन बँका आणि मधली एक यंत्रणा असते. काकांच्या खात्यातून पैसे निघाले, पण ते पोचल्याची खात्री दुकानदाराकडे वेळेत गेली नाही, असे होऊ शकते. अशा वेळी काय करायचे याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये घालून दिला. दुकानदाराला खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप गिऱ्हाईकाच्या खात्यात परत जमा झाले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

नियम गिऱ्हाईकाच्या हिताचा आहे आणि चांगला आहे. पण परिणाम पाहा. चार दिवसांनी काकांच्या खात्यात तीनशे रुपये परत येतात. त्याचा निरोप फोनवर येतो, पण असे निरोप रोज वीस येतात, कोण वाचतो? काका शपथेवर सांगतील की मी पैसे दिले, आणि ते खोटे बोलत नसतील. तरी पंपाच्या वहीत तीनशेची तूट आहेच. फोन विसरण्याचे कारण पुसून टाकतो असे आपण समजत होतो. त्याने ‘दिले’ आणि ‘पोचले’ यांच्यामध्ये एक फट तयार केली.

हेतू आणि मिसळलेले पेट्रोल

काकांनी गुन्हा केला काय? चोरी ठरण्यासाठी मनात अप्रामाणिक हेतू असावा लागतो. जुन्या भारतीय दंडसंहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. विसरणे म्हणजे चोरी नव्हे. मात्र विसरलो हे कळल्यावरही न देणे, ही गोष्ट वेगळी.

इंग्लंडमध्ये १९७६ साली एक मजेदार खटला झाला. एका माणसाने पंपावरच्या नोकराकडून पेट्रोल भरून घेतले आणि पैसे न देता तो निघून गेला. हा काही विसरला नव्हता. तरीही न्यायालयाने ठरवले की ही चोरी होत नाही! का? पेट्रोल त्याच्या टाकीत पडले तेव्हाच ते त्याच्या मालकीचे झाले; ते आधीच्या पेट्रोलमध्ये मिसळून गेले, आता पंपाचे पेट्रोल कोणते आणि गाडीचे कोणते हे वेगळे काढणार कसे? आणि स्वतःच्या मालाची चोरी कोणी करीत नाही. भौतिकी शिकवणाऱ्याला हा निकाल वाचून बरे वाटते. साखर चहात विरघळली की चमच्याने परत काढता येत नाही, हे तत्त्व न्यायालयात कामी आले! पंपवाल्यांना मात्र ते परवडणारे नव्हते. १९७८ साली तेथे नवा कायदा झाला आणि ‘पैसे न देता निसटणे’ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यातही ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द आहेच, म्हणून विसरलेला माणूस त्यात अडकत नाही.

कॅनडातली हकीकत मात्र हसण्यासारखी नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मेपल रिज गावी २००५ च्या मार्चमध्ये रात्रपाळीला एकटाच असलेला ग्रँट नावाचा चोवीस वर्षांचा तरुण, पैसे न देता निघालेली मोटार अडवायला धावला. त्या गाडीखाली सापडून तो फरफटत गेला आणि मेला. पेट्रोल होते बारा डॉलरांचे. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी २००८ पासून त्या प्रांतात पेट्रोलचे पैसे आधीच देण्याचा नियम झाला. लोक त्याला ‘ग्रँटचा कायदा’ म्हणतात.

तूट कोणी भरायची?

आपल्याकडे इतके टोकाचे सहसा होत नाही. पण तीनशेचा प्रश्न राहतोच. पुष्कळ पंपांवर रिवाज असा की, नळी ज्याच्या हाती, तूट त्याच्या माथी. दादा ती खिशातून भरतो किंवा पगारातून कापून देतो. कायदा मात्र असे सरसकट कापू देत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही आणि त्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही असे आहे की, नोकराच्या हयगयीमुळेच नुकसान झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावर. पण संध्याकाळी वही मिटताना कायद्याचे पुस्तक कोणी उघडत नाही. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलासाठी तीनशे रुपये म्हणजे दिवसाच्या कमाईचा मोठा भाग असतो. मला हा रिवाज योग्य वाटत नाही. यंत्राने सांगितलेली तूट खरी असते, पण त्यावरून दोष कोणाचा हे ठरत नाही, आणि वहीतल्या वजाबाकीचा असा अर्थ लावणे ही शास्त्राच्या दृष्टीनेही चूकच आहे.

समजा, काकांना संध्याकाळी आठवले. किंवा तुम्ही त्यांच्या फोनवर पाहिले की तीनशे परत आले आहेत. मग काय करायचे? नुसते जाऊन तीनशे रुपये कोणाच्याही हातात ठेवू नका. ते त्या वेळच्या माणसाच्या हिशेबात जादा दिसतील आणि सकाळच्या दादाची तूट तशीच राहील. तीन गोष्टी सांगा: तारीख व वेळ, कोणत्या यंत्राची कोणती नळी, आणि रक्कम. आजच्या बहुतेक यंत्रांत प्रत्येक विक्री वेळेसह नोंदलेली असते. दहा वाजून काही मिनिटांनी त्या नळीतून बरोबर तीनशेचे पेट्रोल गेले हे व्यवस्थापकाला सापडते. फोनवरून पैसे दिले असतील तर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दाखवा, म्हणजे पोचले की परत गेले ते लगेच कळते. आणि त्या पाळीला कोण होते ते विचारून त्याच्या नावावर जमा करायला सांगा. कारण त्याने ते तीनशे बहुधा आधीच भरलेले असतात.